किल्ली कुणाकडे?

"हलू नकोस रे, डोळ्यात जाईल," म्हणत ताईने धाकट्याच्या भुवईवर व्हॅसलीन चोपडलं. एरवी दातांच्या दवाखान्यात ती दिवसभर रक्ताचे बोळे उचलायची आणि दुपारी निवांत डबा खायची. भावाच्या रक्ताची मात्र तिला भीती वाटायची. म्हणूनच त्याच्या बॉक्सिंगच्या प्रत्येक लढतीत रिंगच्या कोपऱ्यात बर्फ आणि कापूस घेऊन ती स्वतः उभी राहायची.

आज समोर माजी विजेता होता. धाकट्याला व्यावसायिक बॉक्सर होऊन वर्षही झालं नव्हतं. सगळ्या लढती जिंकला होता खरा, पण कुणाशी? एकाची ढेरी सुटलेली, दुसरा निवृत्तीला टेकलेला!

"अजून थोडं थांबा ना," तिने मॅनेजरला विनवलं होतं. "पी हळद अन् हो गोरी, असं होतं का कुठे?"

"अशी संधी रोज चालून येत नाही, ताई."

कोचकाका हातमोजे आवरायला लागले. धाकटा तर काय, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याने लगेच होकार देऊन टाकला.

दोन राउंडच्या मधे बर्फ लावताना ती त्याला ठरलेला प्रश्न विचारायची, "घराची किल्ली कुणाकडे?" तो "तुझ्याकडे" म्हणाला की समजायचं, डोकं ठिकाणावर आहे. काकांनाही हे पाठ झालं होतं. आज मात्र निघताना तिच्या हातात बर्फाचा डबा होता, म्हणून कुलूप त्याने लावलं आणि किल्ली आपल्या बॅगेत टाकली. "आज मालक मी," असं वर चिडवलंही.

पहिल्या राउंडनंतर तिने विचारलं, "किल्ली कुणाकडे?"

"मालकाकडे," तो हसला.

दुसऱ्या राउंडनंतरही "मालकाकडे"च म्हणाला, पण हसला नाही.

तिसऱ्यात त्याच्या कानशिलावर एक उजवा ठोसा बसला. तो पडला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. स्टूलवर बसल्या बसल्या, तिने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "तुझ्याकडे."

"बघ, शुद्धीवर आहे पोरगा!" काका खूश झाले.

ताईने बर्फ खाली ठेवला.

"काका, थांबवा."

"अगं, बरोबर तर बोलला!"

"चुकलाय तो! आज किल्ली त्याच्याकडे आहे!"

तेवढ्यात घंटा वाजली आणि धाकटा उठला. ताईने काकांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि हार मानल्याची खूण म्हणून रिंगमध्ये फेकला. पंचांनी लढत थांबवली. लोकांनी तिला शिव्या घातल्या. मॅनेजर तर तिच्या अंगावरच धावून आला.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी धाकट्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला, पुन्हा पाहिला आणि रुग्णवाहिका बोलावली.

"वाटोळं केलंस माझं," तो रडत म्हणाला. "काय चुकलं होतं माझं? उत्तर दिलं की! किल्ली तुझ्याकडेच असते."

ताई त्याचे कपडे बॅगेत भरत होती. कप्प्यात किल्ली खुळखुळली. तिने ती चटकन मुठीत घट्ट धरली.

"हो रे राजा," ती म्हणाली. "माझ्याकडेच आहे."