बाटलीतला हिरवा गोळा

मित्रांनो, मी झाडाची एक जुनी पेशी आहे. जन्मले तीच चार भिंतींत, आणि दार कुठेच नाही. शेजारीण भिंतीला भिंत लावून बसते ती कायमची, पटो वा न पटो.

माझा जन्म पानात झाला. तेव्हा मी एवढीशी होते. पोटात पाणी भरत गेलं, त्या दाबाने भिंती ताणल्या आणि मी मोठी झाले. पुढे भिंती टणक झाल्या. म्हटलं, चला, आता इथेच जन्म काढायचा.

पण रस्ता रुंद करताना आमचं झाड तोडलं. ते ज्यांनी लावलं होतं, ते आधीच वारले होते. त्यांची मुलगी, आमची ताई, प्रयोगशाळेत काम करायची. तिने पानाचा तुकडा बाटलीत, जेलीसारख्या पोषक खाद्यावर ठेवला.

त्या खाद्यात दोन संप्रेरकं होती. एक सांगतं मूळ फोड, दुसरं सांगतं कोंब काढ. ताईने दोन्ही सारखीच घातली. आता ऐकायचं कुणाचं? एकीच्या दोन, दोनाच्या चार होत आमचा नुसता गोळा झाला. पानात निदान काम तरी होतं. इथे खायचं आणि फुगायचं. काचेपलीकडे उजेड दिसायचा आणि माझा जीव गुदमरायचा.

गोळा जगतोय, यातच ताईला समाधान. दर वेळी तेच खाद्य.

एकदा प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "ताई, हा गोळा किती दिवस पोसणार? महिनाअखेर रॅक रिकामा करायचाय."

"खाद्य बदलून बघते, सर."

"आधी का नाही बदललं?"

"भीती वाटायची. हा मेला तर बाबांचं काहीच उरत नाही."

त्याच दुपारी तिने गोळा कापला. सुरी माझ्या शेजारणीवरून गेली. नव्या खाद्यात कोंबाचं संप्रेरक जास्त होतं. बरेच दिवस काहीच झालं नाही. ताई रोज यायची आणि बाटली उजेडाला धरून बघायची. मग महिना संपता संपता एक हिरवं टोक वर आलं. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाबा, आलं हो," ती हळूच म्हणाली.

पुढे मुळंही फुटली. आता रोप कुंडीत आहे आणि मी त्याच्या खोडात. माझ्या वाट्याला पाण्याची नळी होणं आलंय. त्यासाठी आतलं सगळं संपावं लागतं, मगच वरची-खालची भिंत उघडते. जन्मभर मागितलेलं दार मिळेल, पण तेव्हा मी नसेन. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, ज्याला जपाल त्याला वाढूही द्या, भीती वाटली तरी.

ताई झारी घेऊन आली आहे. पानांना तहान लागली आहे. मी वाट मोकळी करते.