नव्या खोळीतली जुनी गादी

मी जिमनॅस्टिक्सच्या हॉलमधली गादी बोलतेय. जरा घाईत बोलतेय, कारण पलीकडच्या टोकाला भिंगरी हातांना पावडर चोळत उभी आहे आणि उडी मारायची तिची पाळी आता येईलच. माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बोलते. इतकी वर्षं गप्प राहून तरी काय मिळवलं?

माझा जन्म कारखान्यातला. फोमचे जाड थर एकावर एक चिकटवले, वरून खोळ चढवली आणि मला इथे आणून टाकलं. सर तेव्हा तरुण होते. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना उडी शिकवलीच नाही, पडायला शिकवलं. "पडता आलं की निम्मं काम झालं," म्हणायचे. दुपारभर मुलं माझ्यावर धपाधप पडत होती आणि हसत होती. एक पठ्ठ्या तर उठायलाच तयार नव्हता, म्हणाला, "मी अजून पडतोय." सरही हसले होते. काय दिवस होते ते!

मग पदकं आली. पदकांसाठी काचेचं कपाट आलं, कपाट भरायचं म्हणून आणखी पदकं हवी झाली. 'दुखतंय' हा शब्द हॉलमध्ये शिवीसारखा झाला. पण मुलं फार शहाणी असतात हो. माझ्यात तोंड खुपसून रडायची आणि उठताना घाम पुसल्याचं सोंग करायची. सरांना वाटायचं, दमली असतील.

हजारो उड्या झेलून माझा खिडकीकडचा कोपरा पार बसला. आतला फोम चुरा झाला. सरांना माहीत होतं. "ही स्पर्धा होऊ दे, मग बघू," असं ते स्वतःशीच म्हणायचे. पण एक स्पर्धा संपली की दुसरी उभीच असायची.

अशात हॉल बघायला पाहुणे यायचं ठरलं आणि माझी खोळ तर जागोजाग फाटलेली. भिंगरीची आई घरी सोफ्यांच्या, खुर्च्यांच्या खोळी शिवते. सरांनी तिला गाठलं.

"ताई, गादीला एक खोळ शिवून द्याल का?"

"देईन की. आतलंही बघू का? एक कोपरा बसल्यासारखा दिसतोय."

"आतलं मी बघतो. तुम्ही फक्त खोळ शिवा."

झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! मला तिच्या घरी नेलं. माउलीचा हात असा की कापडावर एक चुणी तिला खपत नाही. नवी निळी खोळ सगळीकडे चापूनचोपून बसली, फक्त त्या कोपऱ्यात ढिली पडली. तिला ते बघवेना. तिने कातरकामातून उरलेल्या चिंध्या, एक जुनी चादर, जे हाताला लागलं ते मुठीने त्या कोपऱ्यात ठासून भरलं आणि टीप घातली. सर फोम बदलणारच आहेत, तोवर नीटनेटकं दिसू दे, एवढाच तिचा विचार. मी तळमळत होते, पण सुईपुढे माझं काय चालणार?

पाहुणे आले. "वा, नवी गादी घेतलीत!" म्हणाले. सर नुसते हसले. फोम काही कुणी बदलला नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तशी माझी गत झाली.

आता भिंगरीचं सांगते. तिची उजवी टाच कधीपासून ठणकतेय. आईने सरांना विचारलंही होतं, "टाच दुखते म्हणतेय. थोडे दिवस विश्रांती दिली तर?"

"खेळात दुखणारच, ताई. लाड केलेत तर मागे पडेल."

आई मान खाली घालून गेली. त्यानंतर भिंगरीने दुखल्याचं कुणालाच सांगितलं नाही. ती फक्त उजवा पाय वाचवते. म्हणून हवेत गेली की डावीकडे झुकते. आणि डावीकडे खिडकी आहे, तिथेच माझा तो कोपरा.

आत्ताच तिच्या आधी लंबूने उडी मारली. तो नेमका त्या कोपऱ्यात उतरला. फोमवर पाय पडला की मऊ, श्वास सोडल्यासारखा आवाज येतो. इथे दगडी धप्प आवाज झाला. लंबूचा घोटा चिंध्यांच्या गोळ्यावर मुरगळला. त्याने दात आवळले, सरांकडे पाहिलं आणि हात वर करून सरळ उभा राहिला.

"उतरताना लक्ष कुठे असतं रे?" सर म्हणाले.

"चुकलो सर."

दाराजवळ पिवळी रेष आहे, पालकांनी तिच्यामागे बसायचं. तिथे भिंगरीच्या आईची मान झटकन वर आली. जन्म कापडात गेला तिचा, तिला तो आवाज कळला. ती उठली, रेष ओलांडून आत आली. माझ्या जिवात जीव आला.

"सर, एक मिनिट. तो कोपरा..."

"ताई, रेषेच्या मागे. मुलांचं लक्ष जातं."

"नाही, पण तिथे मी चिंध्या भरल्यात हो, मला वाटलं तुम्ही..."

"नंतर बोलू ना. ऐन वेळी पोरीला घाबरवू नका."

सगळे पालक बघत होते. तिचा चेहरा उतरला. ती एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक. आता ती पुन्हा रेषेपलीकडे उभी आहे, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. कुणाचा मान राखताय, बाई? कशासाठी?

सरांनी शिट्टी वाजवली. भिंगरी धावायला लागलीये. उजवी टाच ती जमिनीला लागूच देत नाहीये, मला इथून दिसतंय. मला सरकता येत नाही. स्वतःची शिवण उसवता येत नाही. मी फक्त तिच्या वाटेत पडून आहे, निळीशार, गुबगुबीत, आणि तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

सर रागावतील, रागावू देत. लोक हसतील, हसू देत. आई, तिला हाक मारा. ती अजून तुमच्या हाकेला थांबते.