सिद्राच्या पायलीचा तळ

मित्रांनो, मला हातात घेतलंत की तुम्ही आधी काय कराल ते मी आत्ताच सांगते. तुम्ही मला पालथी कराल, बुडावर टकटक कराल आणि मग आत हात घालून तळ चाचपाल. लाजू नका. बाजारात सगळ्यांनी हेच केलं आहे. मी एक जुनी लाकडी पायली आहे. फिलिपीन्समधल्या सेबू बेटावरच्या डोंगरातल्या एका आठवडी बाजारात मक्याच्या कण्या मापता मापता मी म्हातारी झाले. तिथे माझ्यावर संशय घेतला नाही असा माणूस मला भेटला नाही, म्हणून मीही कुणावर विश्वास ठेवण्याच्या भानगडीत कधी पडले नाही.

मी फणसाच्या पिवळ्या लाकडाची. नोंग अंबो नावाच्या सुताराने मला घडवलं. नोंग म्हणजे दादा. मला सिद्राच्या हातात देताना तो म्हणाला, "तळ पुरता खोल घातलाय. कुणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव."

"ठेवतील तेव्हा ठेवतील. आधी मी तर बघते," असं म्हणून सिद्राने तिथेच माझ्यात कोपरापर्यंत हात घातला. नोंग अंबो हसला, पण मला ते आवडलं नाही. अजून मी कुणाला एक कणी मापून दिली नव्हती आणि माझी झडती सुरू झाली होती.

सिद्रा तिंदेरा होती. बाजारात जागा धरून विकायला बसते ती तिंदेरा. टोपली डोक्यावर घेऊन दारोदार ओरडत फिरायचं, ते काम वेगळं, त्याला लिबोद म्हणतात. सिद्राने तरुणपणी सुक्या मासळीची टोपली घेऊन पुष्कळ लिबोद केलं होतं. कुत्री अंगावर यायची, घरातल्या बायका खिडकीआडून 'आज नको' म्हणायच्या, आणि संध्याकाळी तीच टोपली तितक्याच वजनाची घरी यायची. म्हणून बाजारातल्या आंब्याखालची बसायची बांबूची चौकट तिला जिवापाड प्रिय होती. कुणी तिच्या चौकटीवर नुसतं कोपर टेकलं तरी तिच्या भुवया वर जायच्या.

त्या चौकटीवर बसून मी बाजाराचे शब्द शिकले, आणि जितके शब्द शिकले तितका माझा संशय वाढला. हांग्यो म्हणजे भाव कमी करायची गयावया. ती करताना बायका घरच्या सगळ्या आजाऱ्यांची नावं घ्यायच्या, आणि त्यातले निम्मे आजारी मला पलीकडे कोंबड्यांच्या झुंजीवर ओरडताना दिसायचे. दुंगाग म्हणजे माप भरल्यावर वर टाकायची मूठ. ती मूठ तिंदेरा बंद करून आणते आणि उघडताना निम्मी हातातच ठेवते. सुकी हा तर सगळ्यांत मोठा शब्द. नेहमीचं गिऱ्हाईक ती सुकी, आणि ते गिऱ्हाईक जिच्याकडे नेहमी जातं ती तिंदेराही सुकीच. दोघींना एकच नाव. बाजारात जो तो ज्याला त्याला "सुकी, इकडे ये" म्हणून हाका मारायचा. मला तो शब्द फार स्वस्त झालेला वाटायचा.

माप भरण्यातही लबाडी असते, ती मी पोटात घेऊन बसलेली. कण्या उंचावरून हलक्या हाताने सोडल्या की त्या फुगून बसतात आणि पायली लवकर भरते. गिऱ्हाईक हुशार असलं तर ते माझ्या कुशीवर थापट्या मारतं, मग कण्या खाली दबतात आणि वर जागा होते. सिद्रा मात्र कण्या जवळून ओतायची, स्वतःच एक थापटी मारायची आणि वर दुंगाग टाकायची. मी तिच्या त्या हातावर बारीक नजर ठेवून होते. इतक्या वर्षांत मला काही सापडलं नाही, आणि तेच मला खटकायचं.

तिचा एक नेम होता. बाजाराच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी ती झग्याच्या खिशातून एक छोटी बाटली काढायची. त्यात चर्चमधलं मंतरलेलं पाणी असे. त्याचे थेंब ती माझ्या तळावर शिंपडायची आणि लगेच मूठभर बारीक कण्या टाकायची. पहिली विक्री होईपर्यंत त्या तशाच राहायच्या, कारण माप रिकाम्या पोटी बसलं की दिवस रिकामा जातो असं तिचं ठाम मत होतं. आणि मला ती कधीच धूत नसे. धुतलं की बरकत वाहून जाते. बाहेरून फडका मारायची, बस्स.

तेक्ला ही तिची खरी सुकी. वरच्या वस्तीतून कोळशाची पोती घेऊन यायची, ती विकली की आधी सिद्राकडे. तिने सिद्राशी कधी हांग्यो केलं नाही आणि मला कधी थापट्या मारल्या नाहीत. दोघी भाताच्या पुड्या सोडून, सुक्या मासळीच्या तुकड्याबरोबर शेजारी बसून खायच्या. तेक्लाला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, "नांग सिद्रा, या खेपेचं मूल बाप्तिस्म्याला तूच हातात घ्यायचंस." नांग म्हणजे ताई, आणि बाप्तिस्म्याला मूल हातात घेते ती त्याची धर्ममाता. सिद्राला स्वतःचं मूल नव्हतं. ती त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन-दोन मुठी दुंगाग टाकत होती.

आणि मग तेक्ला येईनाशी झाली.

म्हणजे बाजारात यायची, पण आमच्याकडे नाही. समोरच्या रांगेत बिबियाना नावाची नवी तिंदेरा आली होती. तिच्याकडे तबकडीचा काटा होता. मासे असोत की कण्या, ती पातेल्यात टाकायची आणि सुई थरथरत पुढे जायची. "काटा बोलतो गं माझा," ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "काहींच्या पायलीसारखा मुका नाही." एके दिवशी तेक्ला त्या पातेल्यापुढे उभी दिसली. आमच्याकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

सिद्राच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. बिबियानाने कान भरले असणार. कोळसा जास्त भावाने घेते म्हणाली असणार. मलाही ते पटलं. त्या काट्याच्या बुडाशी मेण चिकटवलेलं असणार, अशी माझी खात्री होती. हळूहळू आमच्या बाकीच्या सुकीही कमी होऊ लागल्या. बायका आमच्यासमोरून जाताना आवाज खाली आणायच्या. सिद्राच्या पोत्यातल्या कण्या उरू लागल्या. पोतं उरलं की जागेचं भाडं निघत नाही, आणि जागा गेली की पुन्हा टोपली. रात्री घरी ती भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळत बसायची.

शेवटी एका बाजारी तिने मला कमरेवर घेतलं आणि तरातरा समोरच्या रांगेत गेली. तेक्ला तिथे पिशवी उघडून उभी होती. पोट चांगलंच पुढे आलं होतं.

"काय गं तेक्ला, डोळे गेले की पाय चुकले? माझी जागा तिकडे आहे."

"नांग, आज जरा घाई आहे."

"दर बाजारी घाई? बाळंत व्हायला जातेस की होडी सुटतेय तुझी?"

बिबियाना मध्ये पडली. "गिऱ्हाईक काय दावणीला बांधलंयस का गं? जिथं माप पुरं मिळतं तिथं पाय वळणारच."

"म्हणजे माझं माप अपुरं?" सिद्राचा आवाज चढला. "तेक्ला, तू बोल. हिच्या तोंडून नको मला."

तेक्लाने पिशवीत हात घालून एक घासून गुळगुळीत केलेली करवंटी काढली.

"घरी मी हिने मापून शिजवते, नांग. तुझ्या पायलीच्या कण्या पूर्वी पुरायच्या. मग पुरेनात. आधी वाटलं पोरं चोरून खातात. थोरल्याला मारलं मी. तो ओरडत होता, 'आई, मी नाही घेतलं,' तरी मारलं. मग वाटलं नवरा माडीच्या बदल्यात कण्या देऊन येतो. त्याच्याशी बोलणं टाकलं. शेजारणीवर संशय घेतला, उंदरांवर घेतला. तुझ्यावर घ्यायला जीव धजावेना. सुकीला विचारतात का कुणी, तुझं माप पुरं आहे का म्हणून?"

"आत्ता विचार! सगळ्यांसमोर माप!"

सिद्राने मला भरलं, पट्टीने काठाशी सपाट केलं. तेक्ला करवंटीने एकेक माप काढून पिशवीत टाकू लागली. भोवती गर्दी जमली. मी अगदी निर्धास्त होते. नोंग अंबोने घातलेला तळ माझा, मला कसली भीती! पण पुऱ्या पायलीत काठोकाठ भरायला हवी ती शेवटची करवंटी निम्मीच भरली. तेक्लाने मला पालथी करून झटकलं. आणखी काही पडलं नाही.

"आत दुसरा तळ बसवलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. "तरीच दुंगागला एवढा सढळ हात!"

शेजारच्या नारळवाल्याचा कोयता सिद्राने उचलला आणि तेक्लाच्या हातात दिला. "फोड. तूच फोड. दुसरी फळी निघाली तर उद्यापासून मी टोपली घेऊन लिबोदला जाते. पुन्हा या बाजारात तोंड दाखवणार नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझाच संशय आला. आपलं बूड आपल्याला कुठे दिसतं? नोंग अंबोने तर काही केलं नसेल? की सिद्रानेच, मी बेसावध असताना? जिच्या कमरेवर बसून मी जन्म काढला तिच्यावरही मी संशय घेतला.

तेक्लाने कोयता उगारला आणि थांबली. तिने आत हात घातला आणि तळाच्या कोपऱ्यात नख रोवलं. नख रुतलं. फणसाच्या लाकडात नख रुतत नाही. तिने बोट बाहेर काढून नाकाशी नेलं.

"नांग," ती हळूच म्हणाली, "ही फळी नाही. ही खरवड आहे."

मग ती कोयत्याच्या टोकाने खरवडू लागली. पापुद्र्यावर पापुद्रा निघाला, लाकडासारखाच पिवळा, दगडासारखा कडक, आंबूस वासाचा. ओल्या तळावर पडलेल्या बारीक कण्या, दर बाजारी एक पातळ थर, कधी न धुतलेला. हात फिरवणाऱ्यांना तो लाकडासारखाच लागायचा. खाली जमिनीवर त्याचा चांगला ढीग झाला.

सिद्राचा हात आपोआप खिशाकडे गेला. तिने ती बाटली काढली, पाहिली.

"घ्या!" बिबियाना म्हणाली. "देवाचं पाणी हिला आणि तूट गिऱ्हाइकांना!"

लोक खदखदून हसले. सिद्रा हसली नाही. ती तिथेच मातीत बसली. "म्हणजे एवढी वर्षं," ती म्हणाली, "सगळ्यांना. आणि तेही देवाचं नाव घेऊन."

"मी पोराला मारलं गं, नांग," म्हणत तेक्ला तिच्याजवळ बसली आणि रडू लागली.

"मला मारायचं होतंस. येऊन माझ्या तोंडावर विचारायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

थोड्या वेळाने सिद्रा उठली. बाजाराच्या टोकाला बांबूच्या पन्हाळीतून झऱ्याचं पाणी पडतं, तिथे ती मला घेऊन गेली आणि सगळ्यांदेखत मला आतून घासून धुतलं. बरकत वाहून जाण्याची भीती तिला खरोखर होती, मला तिच्या बोटांतून ती कळत होती. तरी ती घासत राहिली. "जाऊ दे वाहून," ती पुटपुटली. "दुसऱ्याच्या पोटातून येते ती बरकत मला नको." मी तिथेच उन्हात पालथी पडून सुकले.

पुढच्या बाजारापासून तिने नवा नेम केला. पाणी ती आता माझ्यावर नाही, स्वतःच्या कपाळावर लावायची. आणि माप भरण्याआधी गिऱ्हाइकाने माझ्या तळापर्यंत हात घालायचा. घालणार नाही त्याला विकायचं नाही. काही बायका परत आल्या. काही कधीच आल्या नाहीत. खरवडीची गोष्ट ही सिद्राने रचलेली बतावणी आहे असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण जागा राहिली, टोपली डोक्यावर आली नाही. आणि दर बाजारी पहिला हात तेक्लाचा असायचा. ती नीट चाचपायची, कोपऱ्यात नख रोवून बघायची, आणि सिद्रा बाजूला उभी राहून म्हणायची, "अजून खाली घाल. कंजूसपणा करू नकोस." तो शब्द मला तेव्हा पहिल्यांदा खरा वाटला. सुकी.

तेक्लाला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला सिद्राने तिला हातात घेतलं. मानिंग तिचं नाव. सिद्रा गेली तेव्हा मी मानिंगकडे आले. आता बाजारात सगळेच काटे बोलणारे आहेत, पायली कुणाला नको. मानिंगने मला चुलीमागच्या फळीवर ठेवलंय आणि माझ्यात लसूण भरलाय. वरून काढते, वरून टाकते. पाहुण्यांना अभिमानाने सांगते, "ही माझ्या धर्ममातेची पायली. हिच्याएवढी खरी वस्तू घरात दुसरी नाही." तळापर्यंत हात मात्र तिने आजवर घातलेला नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांची माया त्यांच्या पाठीमागे करवंटीने मोजू नका. समोर बसा आणि तळापर्यंत हात घाला. आणि कुणी डोंगरात गेलात तर मानिंगला माझा निरोप सांगा. या पावसात माझ्या कोपऱ्यात काहीतरी ओलं बसलं आहे. लसणाची सालं असतील किंवा आणखी काही, आपलं आपल्याला दिसत नाही. तिला म्हणावं, सगळा लसूण उपस, नख रोवून बघ, आणि लाजू नकोस. तुझी आई तेक्ला पुढे कधी लाजली नाही.