दुखणाईत माशांची टाकी

मी काचेची टाकी बोलतेय. बैठकीच्या खोलीत दिवा लावून मिरवते ती नव्हे. स्वयंपाकघरातल्या फळीवरची, कोपऱ्यातली. माझ्यात जेमतेम दोन बादल्या पाणी मावतं.

माझ्या काचा कुठे कापल्या, ते मला ठाऊक नाही. आठवतं ते जपानमधल्या कोरियामा गावातलं, सोनमाशांच्या तळ्यांजवळचं निशिउची बाईंचं दुकान. तिथे तेत्सुजी आणि फुसाए हे जोडपं आलं. तेत्सुजीची अडतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात गेलेली. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवयच मोडलेली. त्याने एका गोल काचभांड्याकडे बोट दाखवलं. दिसायला सुंदर, पण माशाचा जीव गुदमरतो, असं निशिउची बाईंनी सांगितलं. मोठी, लांबट टाकी घ्या, पाणी लवकर बिघडत नाही. आणि आजारी मासा वेगळा ठेवायला एक धाकटी.

फुसाएने माझ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. घरी आणल्यावर वर्तमानपत्रावर ठेवून दिवसभर पाणी भरून पाहिलं. कागद कोरडा राहिला, तेव्हा तिने मला थोपटलं. मग पुसून फळीवर ठेवलं.

तिच्या हाताखाली तीन सोनमासे ठणठणीत राहिले. नळाचं पाणी ती एक दिवस उन्हात ठेवायची, आठवड्याला तिसरा हिस्साच बदलायची, चिमूटभरच खायला घालायची. मला काही कामच नव्हतं. फळीवरून मी त्या दोघांचे चहाचे पेले मोजायची.

मग सेंदाईला लेकीला, मिचियोला, जुळं झालं आणि फुसाए तिकडे गेली. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला सात महिने झाले. ओट्यावर एकच पेला दिसू लागला. तेत्सुजी उभ्या उभ्या नूडल्स खायचा, कधी तेही नाही. माशांना मात्र चार-चारदा घालायचा. पाणी गढूळलं. एक मासा मेला. त्याने तो अंगणातल्या पर्सिमनच्या फळझाडाखाली पुरला आणि त्याच संध्याकाळी फोनवर बायकोला सांगितलं, सगळं ठीक आहे.

पुढच्या आठवड्यात दुसरा मासा, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा, कलंडून तरंगू लागला. तेव्हा तेत्सुजीने मला फळीवरून उतरवलं. माझ्यात पाणी आलं, पाठोपाठ मासा आला. माझ्यात श्वास घेणारं ते पहिलंच कुणीतरी. तेत्सुजी स्टूल ओढून माझ्यासमोर बसून राहिला. फोन वाजला. त्याने पुन्हा ठीक म्हटलं.

"फुसाए," तो मग म्हणाला, "एक मेला. दुसरा उलटा तरंगतोय. मीच जास्त घालत होतो. मी खोलीत गेलो की ते काचेशी येतात गं. दुसरं कोण येतं?"

फुसाएने पलीकडून विचारलं,

"तुम्ही जेवलात का आज?"

"नाही."

"मग नीट ऐका. पाण्यात मीठ घाला, लिटरला पाच ग्रॅम, तोलून. माशाला आठवडाभर उपाशी ठेवा आणि तुम्ही दोन वेळा जेवा. उलटं करू नका."

त्याने मीठ तोललं. मग भात लावला. माझ्यासमोर बसून मिसोचं सूप फुंकत प्यायला. आठवडाभर तो माशाशी जेवढं बोलला, तेवढं बायकोशी चाळीस वर्षांत बोलला नसेल. नवव्या दिवशी मासा सरळ झाला. त्याने आपणहून सेंदाईला फोन लावला. म्हणाला, बरा झाला, आणि मी तिकडे येतोय.

मोठी टाकी दोन्ही माशांसह निशिउची बाईंकडे गेली. मला त्याने धुतलं, पुसलं, फळीवर ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. तो माझ्यासमोर बसला ते नऊ दिवस आठवतात आणि मन खातं; कुणाच्या तरी दुखण्यावाचून माझ्यापाशी कुणी आलंच नसतं.

तुम्ही मासे पाळणार असाल, तर माझ्यासारखी एक धाकटी जरूर घ्या. पण तिला पाणी लागू नये, असंच वागा. ती कोरडी बसून झुरेल. झुरू द्या.