कपाळावरचा डाग

धाकट्या जावेला ताप आला, म्हणून त्या सकाळी आरसा पुसायचं काम थोरल्या सुनेच्या गळ्यात पडलं. एरवी आरशाच्या खोलीत पाऊल टाकायची तिला बंदी होती. घरात आलेल्या प्रत्येक सुनेला आणि बारा वर्षांच्या झालेल्या प्रत्येक लेकीला त्या उंच आरशासमोर उभं करत. माणसाचं खरं रूप त्यातच दिसतं, अशी घराची पक्की समजूत. पंधरा वर्षांपूर्वी थोरलीच्या कपाळावर काळा डाग दिसला आणि तिचा निकाल लागला. तेव्हापासून ती सगळ्यांच्या मागून जेवायची, पाहुण्यांसमोर यायची नाही. आपण मुळातच वाईट, हे तिने स्वतःही मुकाट्याने मान्य करून टाकलं होतं.

आज तिच्या लेकीची वेळ होती. पोरगी इतकी भराभर वाढलेली, की घरात तिला शिडीच म्हणत. उंची आईएवढी, चेहराही थेट आईचा. डाग दिसला की शाळा बंद. 

डोळे मिटूनच तिने फडकं फिरवलं. खालची कड पुसायला वाकली, तेव्हा नजर गेलीच. कपाळ स्वच्छ होतं. डाग वर, मागच्या कपाटावर दिसत होता. ती उभी राहिली, डाग कपाळावर. बाजूला सरकली, डाग पुन्हा कपाटावर. तिने आरसा भिंतीपासून ओढून मागे पाहिलं. नाण्याएवढ्या जागेवरचा पारा उडाला होता.

आनंद व्हायला हवा होता. पण पंधरा वर्षं गेली होती.

तेवढ्यात सासूबाई शिडीला हाताला धरून आल्या.  ज्यांच्यापुढे आजवर ब्र काढला नव्हता, त्यांच्या वाटेत थोरली आडवी उभी राहिली आणि एका दमात पाऱ्याचं सांगून मोकळी झाली.

"ती उभी राहणार नाही," ती म्हणाली. "खरं वाटत नसेल तर तुम्ही बघा, आई."

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी आरशाकडे पाठ फिरवली.

"मला नाही बघायचं. मी नवी सून होते तेव्हा मलाही दिसला होता डाग. कुणाचं लक्ष जायच्या आत मी मान खाली घातली. सगळे म्हणाले, किती लाजाळू पोर."

"आणि मी उभी राहिले तेव्हा?"

"वाटलं, सुटले एकदाची. डाग तुझ्यावर गेला."

थोरलीने शिडीचा हात सोडवून घेतला आणि तिला दप्तर भरायला पाठवलं.  मग ती दाराशी गेली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिने सासऱ्यांना मोठ्याने हाक मारली, "आरशाची पाठ बघायला या."