पाठमोरी

शशिकांतला जगात दोनच गोष्टी तोंडपाठ होत्या. एक, कारखान्यातल्या सगळ्या पंपांचे नंबर आणि दोन, 'नदीपल्याडची सून' या सिनेमातला पाण्याचा प्रसंग. पहिलीबद्दल त्याला पगार मिळे, दुसरीबद्दल कुमुदिनीचे टोमणे.

हा सिनेमा १९५९ साली आला आणि कुणाला कळायच्या आत गेला. बदलापूरला तंबूत लागला तेव्हा शशिकांत सतरा वर्षांचा होता. नायिका डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते, पाठमोरी, चांगली दीड मिनिटं. वर पोचते, वळते आणि तिचा चेहरा पडदाभर होतो. त्या चालीनं आणि त्या चेहऱ्यानं तो जो कामातून गेला तो गेलाच. पुढे अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला, कुमुदिनीशी लग्न केलं, नऊ सभासदांची फिल्म सोसायटी काढली आणि तिच्या सायक्लोस्टाइल अंकात लिहिलं : 'डावी टाच पुरती न टेकवून नायिकेनं स्त्रीमनातली घालमेल व्यक्त केली आहे.' बाकीच्या आठांपैकी कुणीच सिनेमा पाहिलेला नसल्यामुळे मतभेद झाले नाहीत.

आणि १९८८ च्या एप्रिलात उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका व्हिडिओ लायब्ररीत ती कॅसेट सापडली. लग्नांच्या शूटिंगच्या कॅसेटींमध्ये.

"अरे साईं, सून मतलब शादीच ना?" मालक म्हणाला. "पाच साल में तू पहिला विचारणारा. घेऊन जा. वापस नको आणू."

रविवारी सकाळी शशिकांतनं भाड्याचा व्हीसीआर जोडला. पाण्याचा प्रसंग सुरू झाला आणि नेमकी दारात करवंदांची पाटी घेऊन चंद्री उभी राहिली. बारवीकडच्या वाडीतून ती दर उन्हाळ्यात येई.

"बाय, करवंदा..." एवढं म्हणून ती थांबली. टीव्हीकडे बघत राहिली. "ही आवडी हाय."

"कोण आवडी?" कुमुदिनीनं विचारलं.

"माजी मोठी भन."

शशिकांतनं सहनशील हसून सांगितलं की ती सिनेमाची नायिका आहे, पुण्याची, शिकलेली.

"नाय सायेब. ती नटी दोन पावला चालली का बसं. मग त्यो टोपीवाला म्हनला, या पोरीलाच नटीचं लुगडं नेसवा. मी व्हते ना थितं, आठ वर्साची."

"अगं, ती चाल बघ. डावी टाच..."

"टाचंत बाभळीचा काटा मोडलेला तिच्या. टोपीवाला वरडं, नीट चाल, नीट चाल!"

कुमुदिनी पदरात तोंड लपवून हसली. "घ्या. तुमची स्त्रीमनातली घालमेल."

शशिकांतनं पॉजचं बटण दाबलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण एकोणतीस वर्षांचा अभ्यास होता, त्याला वेळ लागणार. चंद्री तेवढ्यात उंबऱ्याच्या आत येऊन जमिनीवर बसली होती.

"त्या सालीच तापानं गेली ती," ती म्हणाली. "फोटू कुठला निघतोय? चाल ध्यानात हाय माज्या. तोंड इसरले. बाकी सगळा येतं डोळ्यांम्होरं, तोंड येत नाय. सायेब, दिसंल ना तोंड?"

"दिसेल की! वर पोचली की वळते ती," शशिकांत म्हणाला. "मला पाठ आहे." आणि बटणाकडे गेलेलं त्याचं बोट तिथेच थांबलं, कारण पुढचंही पाठ होतं.

कॅसेट चालू झाली. आवडी टेकडी चढली. माथ्यावर थांबली. मान हलली आणि पडदाभर कोरलेल्या भुवयांचा, पावडर लावलेला, अतिशय सुंदर चेहरा आला.

चंद्री दचकली. "ही कोन?"

कुमुदिनीचं हसू केव्हाच आटलं होतं.

मग शशिकांतनं कारखान्यातही कधी केलं नव्हतं एवढ्या चिकाटीचं काम केलं. मागे, पुढे, थांब. मागे, पुढे, थांब. चित्रात पांढऱ्या रेघा नाचत होत्या. शेवटी एके ठिकाणी, मान वळायला लागते तिथे, एक कान दिसला आणि गालाची एवढीशी कड. त्यापुढे कुणीतरी कात्री चालवली होती आणि ती कशी बेमालूम आहे याबद्दलही शशिकांतनं अंकात एक परिच्छेद लिहिलेला होता.

चंद्री टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. "कान तिचाच," ती म्हणाली.

पॉजवर पाच मिनिटं झाली तसं मशीन आपोआप थांबलं. शशिकांतनं पुन्हा लावलं. पुन्हा टेकडी, पुन्हा माथा. या खेपेला बोट जरा उशिरा पडलं आणि नटी येऊन गेली.

"काही आठवतंय का गं?" कुमुदिनीनं हळूच विचारलं.

"यायला लागतं, बाय. अर्धं आल्यावानी वाटतं. मंग ती पावडरवाली मधी येते."

"मग तिला येऊच द्यायचं नाही," शशिकांत म्हणाला.

त्यानं कॅसेट मागे घेतली. ज्या चेहऱ्यासाठी एवढी वर्षं काढली होती, तो येण्याच्या अलीकडे बोट ठेवून, श्वास धरून तो बसला.