खिशातला हात

“घरात कुणाचे हात थरथरतात का? साठीच्या पुढच्या एखाद्या पुरुषाचे?” डॉ. चारुतांनी विचारलं.

अब्राहमने उजवा हात हळूच पँटच्या खिशात घातला आणि समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचायला लागला.

“नाही,” त्याची मुलगी शिरा म्हणाली. “पण आईच्या माहेरी एक मामा जरा मंद होता. तिकडूनच आलं असणार हे.”

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या माथी खुशाल दोष लागत होता आणि तिचा नवरा मूग गिळून बसला होता.

शिराचा सहा वर्षांचा जेकब टेबलाखाली बसून मनगट चावत होता. त्याच्या रिपोर्टवर ‘फ्रॅजाइल एक्स’ असं आनुवंशिक आजाराचं नाव लिहिलं होतं.

“आपण काही शिकतो ना,” डॉक्टर समजावून सांगू लागल्या, “तेव्हा मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवर, जिथल्या तिथे, लागेल तेवढंच प्रथिन तयार होतं. ‘आता पुरे’ म्हणणारं एक वेगळं प्रथिन असतं. जेकबच्या पेशी नेमकं तेच बनवत नाहीत. मग बाकीचं काम नको तितकं चालू राहतं.”

“म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय,” अब्राहम बोलून गेला. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. किती सोडायचं, कधी बंद करायचं, हे त्याच्या हाताला कळायचं आणि त्या हाताचा त्याला भारी तोरा होता.

“अगदी तसंच, काका. जेकबला हे आईकडून आलंय. आईला तिच्या आईकडून आलं असेल, नाहीतर वडिलांकडून. असे वडील चांगले शहाणेसुरते असतात, म्हातारपणी काहींचे हात तेवढे कापतात. पण त्यांच्या प्रत्येक मुलीकडे ते जातंच. तुम्हाला बहीण आहे?”

“सॅली,” शिरा म्हणाली. “इस्राएलला असते. तिसरा महिना चालू आहे तिला.”

“मग तिला सांगा. आईकडचं असेल तर निम्मी शक्यता, वडिलांकडचं असेल तर नक्कीच. बाळाचीही तपासणी होते, पण ती वेळेत व्हायला हवी.”

रिक्षात शिरा म्हणाली, “पपा, सॅलीला आत्ता नको सांगायला. आधीच दोनदा गेलंय तिचं. निम्मीच तर शक्यता आहे. उगाच घाबरवायचं कशाला? तुम्हाला काय वाटतं?”

“बघू,” तो म्हणाला. दोन वर्षं तो चहाचा कप अर्धाच भरून घेत होता. शिरा कोन गावाहून यायची त्या दिवशी तर चहा आधीच उरकलेला असे. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांमुळे होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. जेकब मनगट चावेल तेव्हा शिरा आपल्याकडे कशी बघेल, याची त्याला भीती वाटत होती. साध्या शब्दांत सांगायचं तर तो भित्रा होता.

दुपारी, दर शुक्रवारसारखा, सॅलीचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन नेहमीप्रमाणे साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि हात मागे बांधले.

“काय म्हणाले डॉक्टर?” सॅलीने विचारलं. चेहरा सुकला होता, पण पोटावर हात ठेवून ती हसत होती.

स्वयंपाकघराच्या दारातून शिराने मान हलवून नको म्हटलं. सांगितलं तर पोर हादरणार होती. नाही सांगितलं तर ती निम्म्या शक्यतेच्या भरवशावर राहणार होती, आणि ती शक्यता निम्मी नाही हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

त्याने उजव्या हाताने फोन उचलला.

“पपा, फोन नीट धरा ना. सगळं हलतंय.”

“नीटच धरलाय गं. हात हलतोय माझा. दोन वर्षं झाली. जेकबचं दुखणं तुमच्या आईकडचं नाही, माझ्याकडचं आहे. म्हणजे ते तुझ्याकडेही आहे. उद्या तिकडे शनिवारची सुट्टी, रविवारी दवाखाना उघडला की पहिली जा आणि तपासून घे. बाळाचंही विचार.”

शिरा कणीक मळता मळता तशीच बाहेर आली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपला पिठाचा हात त्याच्या मनगटाखाली धरला. तरी पडद्यावरची सॅली हलतच राहिली.